जागा आमची, बटण आमचं

वळ गावात चांगदेव तरे यांच्या जागेत त्यांना विचारल्याशिवाय पानसुद्धा हलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नसायला काय झालं, चांगदेवशेठ स्वतःच रोज सांगायचे! आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात एक रीत आहे. कंपनी दिल्लीची असो की परदेशातली, एकदा गावात गोदाम घ्यायला आली की जागेबरोबर जागामालकाचं बाकी सगळंही घ्यावं लागतं. माल उतरवायला माणसं मालकाची, पाण्याचा टँकर मालकाचा, चहाची टपरी मालकाच्या मेहुण्याची आणि दारावर बसायला एक सुपरवायझर मालकाच्या घरातला. या सुपरवायझरला काय काम येतं, असं कुणी विचारत नाही. त्याला बसता आलं पाहिजे, बस्स.

शेठचे चुलतभाऊ लडकू हे असेच एक सुपरवायझर. कापडाच्या गोदामाच्या दाराशी निळी प्लास्टिकची खुर्ची, हातात काठी, पायाशी पाण्याची बाटली. आत नक्की काय भरलंय हे त्यांना आजवर कळलेलं नव्हतं. पण कुणी गाडी आडवी लावली की ते मोठ्यांदा ओरडत, आणि कंपनीचं त्यावर भागत असे. देखरेख म्हणजे काय असते ते बघा, असं शेठ नव्या पार्ट्यांना लडकूकडे बोट दाखवून सांगत.

शेठची सून दाताची डॉक्टर, नाव पूर्वी. कल्याणची मुलगी, कल्याणलाच नोकरी करायची. शेठच्या मुलाशी, प्रितमशी, लग्न झाल्यावर तिने नोकरी सोडली आणि शेठच्या रस्त्यालगतच्या इमारतीत, घराच्या खाली तळमजल्यावर, स्वतःच्या नावाची पाटी लावून दवाखाना काढला. प्रितमचा ट्रान्सपोर्टचा धंदा दापोड्याला, तो दिवसभर तिकडे. दवाखाना सगळा तिने एकटीने उभा केला. शेठनी फीत कापली आणि एवढं मोठं भाषण केलं की भूल दिलेल्या पहिल्या पेशंटची भूल उतरली. तोवर वळमध्ये दाढ दुखली की एक तर शहरात जायचं, नाहीतर लवंग धरायची.

शेठ लवंगवाल्यांपैकी होते. डाव्या बाजूची मागची दाढ त्यांना कितीतरी दिवस छळत होती. पण दवाखान्यातल्या खुर्चीत बसायला ते तयार नव्हते. सुनेपुढे आ करून बसायचं म्हणजे काय? ज्या सुनेने सासऱ्यापुढे मान वर करून बोलू नये, तिने सासऱ्याच्या तोंडात आरसा घालायचा? त्यांनी गालात लवंग धरली आणि उजव्या बाजूने चावायला सुरुवात केली. सगळ्या घराला लवंगेचा वास येत होता, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मग एक्स-रेचं मशीन आलं. मशीन कसलं, भिंतीला अडकवायचा एक लांब हात आणि त्याच्या टोकाला लहानसं डोकं. प्रितम आणि टेम्पोवाला मिळून ते सहज आत नेणार होते. पण शेठनी गोदामावरून हमाल बोलावले. जागा आमची, तर माल आमचीच माणसं उतरवणार! चौघांनी ते खोकं मोठ्या आवाजात हाकारे घालत, दारात दोनदा अडकवून, एकदाचं आत नेलं. मशीनच्या कंपनीचा माणूस घामाघूम झाला, कारण खोक्यावर 'नाजूक' लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आतल्या छोट्या खोलीच्या दारावर पिवळी पाटी लागली. तीन पात्यांच्या पंख्यासारखं एक चित्र आणि खाली 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. शेठ पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. ही भिंत त्यांनी समोर उभं राहून बांधून घेतली होती, पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने मारलं होतं. त्याच भिंतीवर ही पाटी, आणि त्यांना न विचारता! पण पाटी बाहेरच्यांसाठी असणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

समजूत पुढच्याच आठवड्यात फुटली. भिवंडीतल्या महमूदभाईंच्या बायकोची, नसीबाभाभींची, दाढ ठणकत होती. महमूदभाईंचा शहरात पिढीजात लूमचा कारखाना; शेठची आणि त्यांची दोस्ती शाळेच्या बाकापासूनची. शेठनी दोघांना दारातून आत आणलं ते गोदाम दाखवावं तसं. ही खुर्ची, हा दिवा, आणि हे बघा आपलं मशीन. पूर्वीने भाभींना बसवलं, अंगावर जडशीळ एप्रन घातला आणि मागे वळून म्हणाली, "पप्पा, बाहेर थांबा."

शेठना वाटलं, महमूदला सांगतेय. ते म्हणाले, "महमूद, भायेर हो."

"दोघंही," पूर्वी म्हणाली.

वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे दोन म्हातारे बाहेरच्या बाकावर येऊन बसले. आत काय झालं ते कळलं नाही. महमूदभाईंना हसू आवरेना. "काय रे चांगदेव, तुझ्याच घरात तुलाच गेटपास लागतो?" एवढंच ते बोलले, पण ते बोलणं शेठच्या जिवाला असं लागलं की दाढेचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हे.

रात्री जेवताना शेठनी विषय काढलाच. संतापाने त्यांचा घास उजव्या बाजूलाही चावला जात नव्हता. माझ्या घरात मी बाहेर, आणि आत कोण? पूर्वीने शांतपणे सांगितलं की आत कुणीच नसतं, फक्त पेशंट. ती स्वतःसुद्धा भिंतीआड जाऊन बटण दाबते. त्या किरणांनी एकदोनदा काही होत नाही, पण रोज रोज विनाकारण अंगावर घ्यायचे नसतात. म्हणून सरकारने नियम केलेत. मशीनची नोंदणी लागते, आणि ते वापरणाऱ्याचं शिक्षण लागतं. दाताच्या डॉक्टरला वेगळ्या सर्टिफिकेटची गरज नाही, त्याला तेवढी सूट आहे, कारण ते त्याच्या शिक्षणातच येतं. तिची मदतनीस विनिता अजून शिकतेय. तिने बटण दाबायचं असेल तर पूर्वीने शेजारी उभं राहून देखरेख करायलाच हवी.

आता झालं असं, की एवढ्या बोलण्यातून शेठनी दोनच शब्द उचलले. सूट आणि देखरेख! या दोन्ही गोष्टींत त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. सूट कुणाला असते? लोकलला! टोलनाक्यावर अख्खं जग रांगेत उभं असतं तेव्हा शेठची गाडी बाजूच्या लेनमधून निघते, काच खाली करून "लोकल" म्हटलं की दांडी वर होते. टोलला सूट, पार्किंगला सूट, मग या मशीनलाच काय सोनं लागलंय? आणि देखरेख म्हणाल तर ती जागामालकाच्या घरातलाच माणूस करतो. ही काय आजची रीत आहे? सून बाहेरची, तिला रीत माहीत नसेल. कुणीतरी दाखवून दिली पाहिजे.

त्यांच्या बायकोने, कमळकाकूंनी, नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हे समाधान पाहिलं आणि त्या ताटं उचलायला लागल्या. बोलून काही उपयोग झाल्याचं त्यांच्या संसारात घडलेलं नव्हतं.

गुरुवारी संधी आली. पूर्वी दाताच्या डॉक्टरांच्या कसल्याशा सभेला ठाण्याला गेली, विनिताची परीक्षा होती, दवाखाना बंद. पण वळमध्ये कुठलंही दार जागामालकाला बंद नसतं, कारण प्रत्येक गाळ्याची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. शेठनी गावदेवीला हात जोडले, पांढरा शर्ट घातला आणि दवाखाना उघडला. पूर्वीच्या छातीवर किरणं मोजायचा एक छोटा बिल्ला असायचा. आपल्यालाही बिल्ला हवा, म्हणून त्यांनी गेल्या वर्षीच्या कबड्डी स्पर्धेतला 'कार्याध्यक्ष' लिहिलेला, लाल रिबिनीचा बिल्ला खिशावर टाचला. लडकूंना खुर्ची आणि काठीसकट गोदामावरून उचलून दवाखान्याच्या दारात आणून बसवलं. मग महमूदभाईंना फोन केला. ये, म्हणाले, गेटपास दाखवतो.

महमूदभाई आले तोवर गावभर झालं होतं की आज शेठ फुकट फोटो काढणार आहेत. बाहेर रांग लागली. कुणाची कंबर, कुणाचा खांदा. भावनाताई तर कोंबडी घेऊन आल्या होत्या, कारण कोंबडीने त्यांच्या कानातला मोती गिळला होता आणि कापायच्या आधी तो नक्की तिच्याच पोटात आहे का, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. हे मशीन फक्त दातांचं आहे, हे सांगणारी एकमेव व्यक्ती ठाण्याला सभेत बसली होती.

शेठनी पहिला मान महमूदभाईंना दिला. त्यांना आत बसवलं, एप्रन घातला. उलटा घातला, पण घातला. मशीनचं डोकं त्यांच्या गालाला टेकवलं. आणि मग, आठवडाभर छातीत साठवून ठेवलेलं वाक्य त्यांनी मोकळं केलं. "सगल्यांनी भायेर थांबा!"

बाहेर अर्धं गाव मागे सरकलं. शेठ स्वतः भिंतीआड आले. खोलीच्या चौकटीला लागून एक पांढरं बटण होतं. पूर्वी भिंतीआड जाऊन बटण दाबते, हे त्यांनी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. भिंत हीच, तर बटणही हेच. ते त्यांनी अंगठ्याने चांगलं दाबून धरलं.

"झाला?" आतून महमूदभाईंनी विचारलं.

"झाला. हलू नको म्हनलं व्हतं ना?"

महमूदभाई बाहेर आले ते गाल चोळत. थोडं गरम लागलं, म्हणाले. फोटो कुठाय असं कुणीतरी विचारलं, तर शेठनी सांगितलं की माल उद्या मिळेल. भिवंडीत या उत्तरावर कुणी पुढे विचारत नाही.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली आली. टोपलीत किटली आणि कप! शेठना भरून आलं. दवाखाना सुरू असला की कमळकाकू अशीच टोपली पूर्वीसाठी सोडत, ते त्यांनी पाहिलं होतं. आज ती त्यांच्यासाठी आली होती. न सांगता आली होती! एवढ्या वर्षांत बायकोला आपल्या पदाची किंमत कळली, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी चहाचा पहिला कप महमूदभाईंना दिला.

मग लडकूंचा गुडघा झाला. फोटो काढल्याबरोबर लडकू दोन पावलं चालून म्हणाले की अर्धी कळ तर इथेच गेली. पुन्हा टोपली आली. मग एकाची कंबर, दुसऱ्याचा खांदा. दर फोटोमागे टोपली येत होती, आणि शेठचा आवाज दर कपामागे चढत होता. ते आता रांगेतल्यांना किरणांची माहिती सांगू लागले होते. भावनाताईंच्या कोंबडीला मात्र 'हलू नको' हे कळेना, म्हणून तिचे तीन फोटो काढावे लागले. रस्त्यावरून कंटेनरचा खडखडाट चालला होता, त्यात दुसरा कसला आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं.

बाराच्या सुमारास दारात एक बाई आल्या. पिकलेले केस, खांद्याला जड पिशवी, पायात साधी चप्पल. लडकूंनी काठी आडवी घातली आणि रांगेत यायला सांगितलं. बाईंनी ओळखपत्र दाखवलं. त्या मशीन तपासायला आल्या होत्या. अशा तपासणीला न कळवताच येतात. लडकूंनी ओळखपत्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, दुखतंय कुठं?

बाई आत आल्या. त्यांनी रांग पाहिली, एप्रन पाहिला, खुर्चीवर बसलेली कोंबडी पाहिली. मग त्यांची नजर लाल रिबिनीच्या बिल्ल्यावर येऊन थांबली. इथलं मशीन कोण चालवतं, असं त्यांनी विचारलं.

"मी," शेठ म्हणाले. "देखरेख पन माजीच हाय."

"तुमचं शिक्षण?"

हा प्रश्न शेठना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. जागा माझी आहे, त्यांनी सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं की परवाना, सर्टिफिकेट काही आहे का. शेठना आता राग यायला लागला. आम्हाला सूट आहे, ते म्हणाले, आम्ही लोकल. आज किती जणांवर मशीन चालवलंत, हे बाईंनी विचारलं तेव्हा शेठनी तोंड उघडायच्या आतच रांगेतून उत्तरं यायला लागली. सगळ्यांचे काढले! माझी कंबर काढली! भावनाताईंनी कोंबडी वर करून दाखवली.

नेमकी त्याच वेळी पूर्वी दारात येऊन उभी राहिली. सभा लवकर संपली होती. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

बाईंनी तिला बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच सांगितलं. परवाना नाही, शिक्षण नाही, डॉक्टर हजर नाही, आणि एवढ्या लोकांवर मशीन चाललं. हे खरं असेल तर मला आत्ताच सील लावावं लागेल. तुमची नोंदणीही जाईल, पुन्हा मिळेल की नाही ते माझ्या हातात नाही.

"सील? माज्या जागेला सील?" शेठ उसळले. नाक्यावरच्या कुणाकुणाला ओळखतो ते त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपल्याच घरात आपल्याला बाहेर काढतात, आपल्याच भिंतीवर पाट्या लावतात, आणि आता कुलूपही लावणार! त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

पूर्वीने पर्समधून तो किरणं मोजायचा छोटा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला, नोकरी सोडताना माणूस किल्ल्या ठेवतो तसा. शेठचं बोलणं मध्येच तुटलं. कल्याणची नोकरी सोडून ही पोरगी इथे आली, गावातल्या म्हाताऱ्यांच्या किडक्या दाढांत दिवसभर डोकं घालून बसली, आणि आपण काय केलं? आपण कबड्डीचा बिल्ला लावला. शेठना लाज वाटली. इतकी लाज वाटायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे तिचं काय करायचं हे त्यांना कळेना.

ते कळायच्या आत जिन्यावर पावलं वाजली आणि कमळकाकू रिकामं पातेलं हातात घेऊन खाली आल्या. सकाळपासून स्वयंपाकघरात उभ्या राहून त्यांचे पाय सुजले होते आणि आता त्यांना कुणाचीही भीती उरली नव्हती.

"अवं, दूध संपला!" त्या कडाडल्या. "सकालपासना बेल वाजवताय, किती चाय पिनार तुमी? पूर्वीला चाय पायजे असली की वाजवाया बसवलीय ती बेल. तुमी तर अंगठाच ठेवलाय तिच्यावर!"

बाई हळूच पूर्वीकडे वळल्या. पूर्वीचे डोळे मोठे झाले. चौकटीजवळचं ते बटण प्रितमने दवाखाना लावताना बसवून घेतलं होतं, तिला चहासाठी वर जायला लागू नये म्हणून. शेठ तेव्हा लग्नसराईत गुंतलेले होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे पान हललं होतं, त्यांना न विचारता.

आता सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पण दोस्त हे दोस्त असतात. महमूदभाई पुढे झाले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "नाही भाभी, बेलचं बटण वेगळं. चांगदेवने मशीनचंच दाबलं, मी आत होतो ना! गाल गरम झाला माझा." लडकूंनी गुडघा वाकवून दाखवला. कंबरवाला म्हणाला की त्यालाही आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. एकेक जण शेठच्या बाजूने उभा राहिला. शेठ दिवसभर चहाची बेल वाजवत होते असं म्हणायची वळमध्ये कुणाची टाप नव्हती. गावाने त्यांची अब्रू अशी वाचवली की सुनेचा दवाखाना गेलाच म्हणून समजा.

बाईंनी शेठना विचारलं, "कुठलं बटण दाबलंत, ते तुम्हीच दाखवा."

चांगदेवशेठनी गावाकडे पाहिलं. अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं, कोंबडीसकट. एक शब्द बोलायचा अवकाश, मान शाबूत राहणार होता. नुसतं मशीनकडे बोट दाखवायचं होतं. मग त्यांनी टेबलावरच्या त्या छोट्या बिल्ल्याकडे पाहिलं, खिशावरचा लाल बिल्ला काढला, चौकटीपाशी गेले आणि पांढऱ्या बटणावर अंगठा ठेवला.

रस्त्यावर नेमका सिग्नलला खोळंबा झाला होता, एकही कंटेनर वाजत नव्हता. वरच्या मजल्यावर चिमण्या चिवचिवल्या. बेल चिमणीच्या आवाजाची होती.

"हाच," शेठ म्हणाले. "सकालपासना हाच दाबतोय. मशीनला मी हात पन लावला न्हाय. म्हंजे लावला, पन ते चाललाच न्हाय." आणि थोडं थांबून, अगदी खालच्या आवाजात, "या पोरीचा यात काय दोष न्हाय."

बाईंनी आत जाऊन खात्री करून घेतली. मशीनचं खरं बटण पलीकडच्या भिंतीवर, कुलूप लावलेल्या पेटीत होतं. किल्ली पूर्वीच्या पर्समध्ये होती आणि मुख्य स्विच बंद होता. पूर्वी रोज जाताना तो बंद करूनच जायची. बाईंनी पिशवीतलं मीटर परत पिशवीत ठेवलं. सील लागणार नाही, म्हणाल्या, पण दवाखान्याची दुसरी किल्ली आजपासून डॉक्टरांकडे द्यायची. जागामालकाकडे नाही. शेठनी जानव्याला बांधावी तशी जपलेली ती किल्ली कमरेच्या करगोट्यातून सोडवली आणि सुनेच्या हातात ठेवली. बाईंना चहा विचारला, पण दूध नव्हतं.

लडकूंचा गुडघा लगेच पहिल्यासारखा दुखायला लागला. रांग हसत हसत पांगली. त्यांच्या हसण्यात शेठचं नाव होतं आणि ते रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. भावनाताई मोत्याचं काय म्हणून थोडा वेळ वाद घालत राहिल्या. मोती कोंबडीने दुसऱ्या दिवशी आपणहून परत केला.

शेठ बाहेरच्या बाकावर बसून राहिले. एवढ्या संतापात आणि लाजेत त्यांनी दात आवळून धरले होते, आणि दाढेने आता त्याचा हिशेब मागायला सुरुवात केली होती. गालातली लवंग केव्हाच गिळून झाली होती. पूर्वी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, डावीकडची मागची ना?"

"तुला कुनी सांगितला?"

"सगळ्या घराला लवंगेचा वास येतोय. चला आत."

आणखी कुठला दिवस असता तर ते उठले नसते. पण आज उरलंच काय होतं झाकायला? ते उठले आणि सुनेच्या मागोमाग आत जाऊन त्या खुर्चीत बसले, जिच्यावर मघाशी कोंबडी बसली होती. पूर्वीने एप्रन घातला, सरळ बाजूने. तोंडात फोटोची चौकोनी पट्टी सरकवली आणि घट्ट चावून धरायला सांगितलं. मग तिने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. महमूदभाई बाहेर गेले. कमळकाकू पातेल्यासकट बाहेर गेल्या. लडकू खुर्ची उचलून बाहेर गेले. शेवटी पूर्वी स्वतः बाहेर गेली आणि दार लागलं.

खोलीत चांगदेवशेठ एकटे होते. ज्या खोलीसाठी एवढं सगळं केलं, ती आता सगळीच्या सगळी त्यांची होती. सून बाहेर, दोस्त बाहेर, गाव बाहेर, आणि आत फक्त ते आणि मशीन! महमूदला आता हाक मारून विचारावं, गेटपास कुणाला लागतो ते, असं त्यांच्या फार मनात आलं. पण तोंडात पट्टी होती.

"पप्पा," भिंतीपलीकडून सुनेचा आवाज आला, "अजिबात हलू नका."

चांगदेवशेठ हलले नाहीत. बाहेर बारीकसा बीप असा आवाज झाला, आणि या वेळी वरून चहा काही आला नाही.